जुना ट्रॅक्टर घेताना मीटर नाही, त्याचं काम विचारा

आखाजी झाली की आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरचे सौदे जोरात सुरू होतात. "भाऊ, एकहाती गाडी आहे, तीन हजार तासच चालली" हे वाक्य दर सौद्यात ऐकू येतं. माझं स्पष्ट मत आहे, तासांच्या मीटरवर एक रुपयाही मोजू नका. केबल सुटलेली असते, नाहीतर मीटरच बदललेलं असतं.

त्याऐवजी हा ट्रॅक्टर कुठे राबला ते विचारा. कापसाच्या वखरणीत दहा वर्षं चाललेला परवडतो, पण गिरणा-तापीच्या वाळूत दोन वर्षं ट्रॉली ओढलेला नको. क्लच, ब्रेक, मागचा एक्सल, सगळं खाल्लेलं असतं. मालक सांगणार नाही, हूक सांगतं. त्याचं भोक गोल न राहता लांबट झालं असेल तर ट्रॉली भरपूर ओढली समजा. असा ट्रॅक्टर महसूलच्या कारवाईत कधी अडकला होता का, हेही गावात विचारून घ्या. चहाच्या टपरीवर खरं कळतं.

बघायला सकाळी लवकर जा, आणि इंजिन सुरू करून ठेवू नका असं आधीच सांगा. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या आणि परत या. थंड इंजिन किती सेल्फमध्ये लागतं, तिथेच निम्मी परीक्षा होते. गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बघा, भकाभका धूर फेकत असेल तर इंजिनकामाचा खर्च सौद्यातून कापा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, तिथून उठा.

लिफ्टला रोटाव्हेटर जोडून वर उचला आणि इंजिन बंद करा (खाली कोणी उभं राहू नका). बघता बघता खाली बसला तर हायड्रॉलिकचं काम आहे. नवा रंग बघून मला तरी आनंद होत नाही, आधी गळती कुठे पुसली ते शोधावंसं वाटतं.

आता कागद. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः घासून, वाचून जुळवा. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "हप्ते फिटलेत, कागद नंतर देतो" यातला "नंतर" फार लांब असतो. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी घ्या. एमएच 18 चा असो की 19 चा, नुसत्या बाँडवर लिहून घेतल्याने नाव बदलत नाही.

विकणाऱ्या भावांनो, यात तुमचाही जीव अडकलेला आहे. गाडी विकली तरी अपघाताच्या भरपाईला आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने 2018 साली सांगितलंय. पैसे मोजून घेतले, आता आरटीओचं तो बघेल, असं म्हणून घरी बसू नका.