साहस कोणाचे आणि जोखीम कोणाची?

मे महिन्याच्या अखेरीस कौटुंबिक निमित्ताने मनालीस जाण्याचा योग आला. मुंबई-पुण्याची, नाशिक-कोल्हापूरची मंडळी तेथे इतकी भेटली, की माल रोडवरून चालताना आपण हिमालयाच्या कुशीत आहोत की दादरच्या बाजारात, असा क्षणभर संभ्रम पडावा. गावापासून तेरा-चौदा किलोमीटरवर सोलंगचे उतार आहेत. आकाशात रंगीबेरंगी ग्लायडर तरंगत होते आणि खाली उड्डाणासाठी रांग लागली होती. सोबत आलेल्या भाच्याने पैसे भरले आणि एका छापील कागदावर सही केली. काही विपरीत घडल्यास जबाबदारी माझी, असा त्या कागदाचा मथितार्थ होता.

काही मिनिटांत भाचा खाली उतरला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद होता. त्याला घेऊन उतरलेला पायलट मात्र ग्लायडरचे कापड गोळा करण्यात गुंतला होता. पुढचे गिऱ्हाईक वर वाट पाहत होते. दिवसातून किती वेळा उडता, असे विचारता तो म्हणाला, हवा जितकी साथ देईल तितक्या वेळा. मग विचारले, तुमचीही अशी सही घेतात काय? तो हसला. "सही तो सैलानी करता है, बाबूजी. हमारी तो बस हाजिरी लगती है."

ते वाक्य परतीच्या प्रवासात मनातून गेले नाही. माझ्या भाच्याने आयुष्यात एकदा जो धोका पत्करला आणि ज्याची कथा तो पुढे वर्षभर सांगत राहील, तोच धोका तो पायलट रोज, हवा जितकी साथ देईल तितक्या वेळा पत्करतो. एकाच्या धोक्याला आपण साहस म्हणतो. दुसऱ्याच्या धोक्याला आपल्या भाषेत नावच नाही.

हा चैनीचा प्रश्न नव्हे

देशात भूक आणि बेकारी असताना सुखवस्तू माणसांच्या हिमालयवाऱ्यांवर पक्षाच्या साप्ताहिकाने रकाने का खर्च करावेत, असा आक्षेप काही सहकारी घेतील. तो अगदीच अनाठायी आहे, असे म्हणवत नाही. परंतु गिरणीत विणलेले तलम कापड कोण नेसतो, यावरून गिरणी कामगारांचा प्रश्न चैनीचा ठरत नाही, हे आपण कधीच मान्य केले आहे. कुल्लूच्या खोऱ्यात सफरचंदाच्या बागांच्या जोडीने पर्यटन हाच आज प्रमुख धंदा झाला आहे. त्यात राबणारा माणूस श्रमिक आहे आणि श्रमिकाचा प्रश्न हा आपला प्रश्न आहे.

हा धंदा मुळात असा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज वसाहतवाल्यांनी या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा लावल्या आणि मनालीचे जीवन पुढे दीर्घकाळ या बागांभोवती फिरत राहिले. १९६१ मध्ये तेथे गिर्यारोहणाचे शिक्षण देणारी शासकीय संस्था स्थापन झाली. तरुणांनी पर्वतात जावे, कष्ट सोसावेत, एका दोरावर दुसऱ्याचा जीव सांभाळण्यास शिकावे, ही त्यामागची दृष्टी होती. साहस हे त्या काळी नागरिक घडविण्याचे साधन मानले जात असे आणि ती संस्था आजही चालू आहे. परंतु १९८९ नंतर काश्मीर अशांत झाले आणि तिकडे जाणारा पर्यटकांचा प्रवाह मनालीकडे वळला. बागांच्या जागी हॉटेले उभी राहिली. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा बोगदा खुला झाला आणि ही गर्दी थेट लाहौलमध्ये जाऊन पोहोचली. शिकण्यास महिना लागणारे साहस आता दहा मिनिटांच्या तिकिटावर मिळते. ते मिळू नये, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. गिर्यारोहणाचा महिन्याचा अभ्यासक्रम ज्याला परवडत नाही, त्यानेही एकदा आकाशातून पृथ्वी पाहावी, यात काही गैर नाही. प्रश्न एवढाच, की हा आनंद कोणाच्या खांद्यावर उभा आहे?

खांदे कोणाचे?

सोलंगच्या उतारावर तासभर डोळे उघडे ठेवून उभे राहिले, तरी उत्तर मिळते. ग्लायडरचे पायलट, बियासच्या पाण्यात राफ्ट वल्हवणारे गाईड, स्नो-स्कूटर चालविणारी पोरे, घोडेवाले, याकवाले, फोटोग्राफर. गमबूट आणि जाड कोट भाड्याने देणाऱ्या बायका. पाठीवर सामानाचे डोंगर घेऊन चढणारे नेपाळी हमाल. ज्या रस्त्याने आपण येथवर आलो तो रस्ता दरडी कोसळल्यावर मोकळा करणारे मजूर, ज्यांतील कित्येक झारखंडच्या दुमक्याकडून हंगामापुरते येतात आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या झोपडीत राहतात. प्रवासवर्णनांत हे लोक आढळत नाहीत. आढळलेच तर 'साधीभोळी पहाडी माणसे' या दोन शब्दांत त्यांची बोळवण होते.

पर्यटकाने दिलेला रुपया या माणसापर्यंत पोहोचेतो त्याचे किती तुकडे होतात, हेही पाहण्याजोगे आहे. हॉटेलच्या काउंटरवर एक तुकडा गळतो, टॅक्सीवाल्याच्या हाती दुसरा, तिकीट फाडणाऱ्या दलालाकडे तिसरा. ग्लायडर आणि हार्नेस ज्याच्या मालकीचे, त्याचा वाटा वेगळा. जो प्रत्यक्ष आकाशात जातो, त्याच्या पदरी उरलेसुरले. उड्डाणामागे पैसे मिळत असल्यामुळे हवा बिघडत असतानाही आणखी एक फेरी मारण्याचा मोह त्याला होणारच. त्याला आपण बेफिकिरी म्हणतो. वस्तुतः त्या मोहाचे नाव उपासमारीची धास्ती असे आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये कुल्लूजवळ डोभी येथे महाराष्ट्रातून गेलेला एक तरुण पॅराग्लायडिंग करताना आकाशातून कोसळून मरण पावला. आपल्या वृत्तपत्रांनी ती बातमी ठळकपणे छापली आणि ते योग्यच होते. अशा प्रत्येक अपघातानंतर चौकशी होते, परवाने तपासले जातात, काही दिवस उड्डाणे थांबतात. हलगर्जी झाली असेल तर शासन झालेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु ही चौकशी सर्वांत खालच्या माणसापाशी येऊन थांबते. फेऱ्यांचा वेग कोण ठरवितो, जुने झालेले हार्नेस कोण बदलत नाही, एका दिवसात किती उड्डाणे व्हावीत याला मर्यादा का नाही, हे प्रश्न वर चढत नाहीत.

नियम नाहीत असे नव्हे. हिमाचल शासनाने हवाई खेळांसाठी २००४ मध्येच नियम केले. पावसाळ्यात १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात उड्डाणे बंद ठेवली जातात आणि ही बंदी सर्वस्वी आवश्यक आहे. तथापि त्या दोन महिन्यांत पायलटाच्या घरची चूल कशावर पेटावी? पर्यटकाच्या सुरक्षेची किंमत पायलटाच्या बिनपगारी रजेतून वसूल केली जाते. परवान्याच्या वहीत त्याचे नाव आहे, कारण चुकल्यास त्याला धरता यावे. भाकरीच्या वहीत ते नाही.

पर्वत आणि पोट

येथे पर्यावरणाचा प्रश्न आडवा येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. रोहतांगच्या बर्फावर मोटारींच्या धुराची काजळी बसू लागली, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने रोज जाणाऱ्या वाहनांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि २०१५ मध्ये रोहतांग-सोलंग परिसरातील व्यावसायिक खेळांवरही निर्बंध आणले. बर्फ वाचले पाहिजे, हे निर्विवाद. जुलै २०२३ मध्ये बियासला आलेल्या महापुराने रस्ते, इमारती आणि वाहने गिळली. ऑगस्ट २०२५ मध्ये नदीने पुन्हा तडाखा दिला. नदीपात्राशी खेळ करणाऱ्यांना याहून स्पष्ट इशारा कोणता हवा? परंतु निर्बंध आले तेव्हा पहिला घाव घोडेवाल्यावर आणि ग्लायडरवाल्यावर पडला. नदीकाठी सिमेंटचे मजले चढविणाऱ्यांवर तो तितक्या तत्परतेने पडल्याचे कोणी सांगत नाही.

खोऱ्यातील माणसांना हे कळत नाही, असे समजण्याचे कारण नाही. २००५-०६ च्या सुमारास हेन्री फोर्ड यांचे पणतू आल्फ्रेड फोर्ड यांच्या पुढाकाराने मनालीजवळ एक प्रचंड स्कीइंग-ग्राम उभारण्याची योजना पुढे आली. जंगल, कुरणे आणि पाणी जाईल, या भीतीने गावे विरोधात उभी राहिली. २००६ मध्ये नग्गर येथे देवतांची 'जगती' भरली आणि अनेक ग्रामदेवतांच्या गूरांनी, म्हणजे ज्यांच्या मुखातून देव बोलतो असे मानतात त्यांनी, योजनेविरुद्ध कौल दिला. योजना प्रत्यक्षात उतरली नाही. आम्हां बुद्धिवाद्यांना देवांचा कौल मानवणार नाही. पण त्या मुखांतून गाव बोलत होते आणि गावाचे म्हणणे विवेकाचे होते, हे मान्य करावयास हवे. ज्या समाजाजवळ सभा-ठरावांचे व्यासपीठ नसते, तो आपल्या देवांच्या तोंडून ठराव करतो.

त्याच राज्याने १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्यातील ११८ व्या कलमाने बिगरशेतकऱ्याला सरकारी परवानगीवाचून जमीन घेण्यास मनाई केली. यशवंतसिंह परमार यांच्या कारकीर्दीतील या तरतुदीमुळे डोंगर अजून बव्हंशी डोंगरवासीयांच्या नावावर आहे. मात्र जमीन गावकऱ्याची आणि हॉटेल भाडेपट्ट्याने बाहेरच्याचे, ही वाट भांडवलाने शोधून काढलीच. जमिनीचे रक्षण करणारा कायदा झाला. श्रमाचे रक्षण करणारा त्याच्या जोडीला आला नाही, ही खरी उणीव आहे.

दोन उदाहरणे

ही उणीव भरून काढता येते, याचे एक उदाहरण आल्प्स पर्वतातील शामोनी या गावाचे आहे. १७८६ मध्ये माँ ब्लाँ शिखरावर प्रथम माणूस पोहोचला आणि तेथील शेतकरी वाटाडे बनले. १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या तुकडीला घेऊन चढत असताना हिमप्रपात होऊन तीन वाटाडे गाडले गेले, पाहुणे बचावले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापन केला. अपघातात सापडलेल्यांच्या कुटुंबांसाठी निधी उभारण्यात आला. पर्यटकाने कोणाला न्यावे, याचा बाजार न होता काम पाळीने वाटून मिळावे, असा नियम झाला. त्या तिघांचे अवशेष हिमनदीने चार दशकांनी, १८६१ मध्ये, खाली आणून सोडले, तोवर त्यांच्या मरणातून जन्मलेला संघ चाळीस वर्षांचा झाला होता. त्याचे दोषही होते. बाहेरच्या माणसाला त्यांनी शतकाहून अधिक काळ दार उघडले नाही. मनालीत असा संघ झाला आणि नेपाळी हमाल त्याच्या बाहेर राहिला, तर ती संघटना होणार नाही, मक्तेदारी होईल.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. माथाडी कामगाराचा मालक कोण, हे कोणी सांगू शकत नव्हते. आज या गाळ्यावर, उद्या त्या वखारीत, असे त्याचे काम. कायद्याच्या कोणत्याच चौकटीत तो बसत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी संघटित झाले आणि महाराष्ट्राने १९६९ चा माथाडी कायदा केला. कामगार, मालक आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ, मंडळाकडे नोंदणी, मजुरीबरोबरच मालकाकडून लेव्ही आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार. मालक निश्चित नसला तरी कामगाराचा हक्क निश्चित करता येतो, हे या कायद्याने दाखविले. या मंडळांत आज बजबजपुरी माजली असेल, तर ती निपटावी. मूळ कल्पना त्यामुळे खोटी ठरत नाही.

सोलंगच्या पायलटाची स्थिती नेमकी माथाडीची आहे. म्हणून साहसी पर्यटनातील सर्व श्रमिकांसाठी अशाच मंडळाची मागणी झाली पाहिजे. प्रत्येक तिकिटावर लेव्ही बसवावी आणि तीतून अपघात विमा व बंदीच्या दोन महिन्यांचा निर्वाहभत्ता द्यावा. काम पाळीने मिळावे, दिवसाच्या उड्डाणांना मर्यादा असावी आणि हवा बिघडल्यास नकार देणाऱ्या पायलटाचा रोज बुडू नये. हा शेवटचा मुद्दा पर्यटकाच्याही हिताचा आहे, कारण ज्याला 'नाही' म्हणण्याची मुभा आहे, त्याच्याच हाती आपला जीव सुरक्षित असतो. हिमाचलातील सहकाऱ्यांनी यात पुढाकार घ्यावा. आपल्याकडे कामशेतला ग्लायडर उडतात, कोलाडला कुंडलिकेत राफ्ट उतरतात, सह्याद्रीच्या प्रत्येक गडाखाली वाटाड्या उभा असतो. तेव्हा आपल्यालाही हात झटकून मोकळे होता येणार नाही.

दरम्यान जे कार्यकर्ते या सुटीत मुलाबाळांसह डोंगरात जातील, त्यांनी एवढे जरूर करावे. उड्डाणाचा दर विचारताना पायलटाच्या हाती त्यातले किती पडतात, तेही विचारावे. त्याने हवा वाईट आहे म्हटल्यास पैशाची हुज्जत न घालता मागे फिरावे. आणि घरी आल्यावर साहसाची गोष्ट सांगताना ती दोघांची गोष्ट म्हणून सांगावी. माझ्या भाच्याला मी त्या पायलटाचे नाव विचारले. त्याला ते ठाऊक नव्हते. विचारण्याचे मलाही सुचले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.