मेंढीकोट

करवीरांत मेंढीकोट मांडतांच पहिला वाद होतो तो हुकुमाचा. म्हणून पानें वाटण्यापूर्वींच रीत ठरवून घ्यावी. कोणी एक पान पालथें ठेवून बंद हुकूम खेळतात. कोणी, उतारीच्या रंगाचें पान नसल्यामुळें जो प्रथम दुसऱ्या रंगाचें पान टाकील, त्याच्या त्या पानाचा रंग हुकूम मानतात. माझ्या मतें हीच रीत अधिक रसाची. कारण हलक्या पानांचा धनीहि एखादा रंग लवकर संपवून डाव फिरवूं शकतो.

बाकी नियम थोडे. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू. ५२ पानें, प्रत्येकास १३. उतारीचा रंग हातीं असतां तोच घातला पाहिजे. चार दश्श्या ह्याच मेंढ्या. तीन मिळविणारा पक्ष जिंकला. दोन-दोन झाल्यास ज्याचे हात ७ वा अधिक, तो. चारही एकीकडे गेल्या कीं मेंढीकोट.

मौज ही कीं, एवढ्या मोलाची मेंढी एक्का, राजा, राणी, गुलाम या चौघांखालीं दबलेली असते. (सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत तर निम्म्या रंगांत दश्शी सर्वांत खालचें पान!) म्हणून ती भिडूच्या आधारानेंच तरते. त्यानें एक्का उतरला व त्या रंगाची पहिलीच फेरी असली, तर मेंढी निःशंक द्यावी. तिसऱ्या फेरीस मात्र शेवटचा गडी हुकुमानें मारण्याचा संभव असतो, तेव्हां हात आवरावा.

हें सारें पानांवरूनच ओळखावयाचें. सासरे व सून भिडू झाले, कीं मामंजींना नेमका मेंढीच्या वेळीं खोकला येतो! अशी खूण उघडकीस आली कीं तो हात मेंढीसह प्रतिपक्षास द्यावा. खोकला औषधावांचून बरा होतो.