आधी निदान, मग सफाई



या सदरात मोटारीचा विषय पाहून कोणी म्हणेल, "साहेबांनी आता गॅरेज काढले की काय!" पण आज पुष्कळांच्या दारात ट्रॅक्टरशेजारी चारचाकीही उभी असते, तीही बहुधा मुंबईहून जुनी घेतलेली. तिच्यावरचा खर्च शेवटी शेतीच्याच पैशातून जातो.

दिवाळीत बहिणीकडे मुलुंडला गेलो होतो. भाच्याची आठ वर्षांची सीएनजी गाडी सकाळी सुरू होताना धक्के देई. एका गॅरेजने सांगितले, "इंजेक्टर चोंदलेत. सगळ्या पेट्रोल लाइनची सफाई करावी लागेल, साडेचार हजार." भाचा म्हणाला, "मामा, करून टाकू का? वीस हजार किलोमीटरला करावीच लागते म्हणतात."

मी विचारले, "त्यांनी तपासून काय पाहिले?" तो म्हणाला, "काहीच नाही. नुसता आवाज ऐकला."

इंजेक्टर म्हणजे आपल्या फवारणी पंपाचे नोझलच समजा. नोझलमध्ये कचरा अडकला की तुषार बारीक पडत नाहीत, जाड थेंब गळतात, औषध पानाला नीट लागत नाही. इंजिनातही तसेच होते. पेट्रोल नीट जळत नाही, गाडी धक्के देते, अॅव्हरेज पडते. पण नोझल चांगले चालत असताना ते दर आठवड्याला खोलून बसणारा शेतकरी मी पाहिला नाही. दोन अळ्या दिसल्या की लगेच फवारू नका, आधी आर्थिक नुकसानीची पातळी गाठली का ते पाहा, हे मी नोकरीभर सांगत आलो. मोटारीला वेगळा न्याय कशाला?

आम्ही गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढली. ऑइल, फिल्टर, प्लग कधी बदलायचे ते सारे त्यात होते. ठरावीक किलोमीटरला इंजेक्टर धुण्याचे नाव नव्हते. मग भांडुपच्या एका जुन्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने एअर फिल्टर काढून दाखवला, धुळीने काळा झालेला. प्लग झिजलेले. आणि टाकीत चार-पाच महिन्यांचे शिळे पेट्रोल!

यातले मर्म असे. सीएनजीच्या बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. त्यामुळे टाकीतले थोडे पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर धरतो. शिवाय २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, तेच जे आपल्या उसापासूनही बनते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा? जुन्या गाडीच्या टाकीतला मळही त्याने सुटून फिल्टरमध्ये अडकू शकतो.

फिल्टर आणि प्लग बदलले, ताजे पेट्रोल भरले, दोन दिवस गाडी पेट्रोलवरच चालवली. खर्च दीड हजाराच्या आत. धक्के थांबले.

मग सफाई म्हणजे निव्वळ लूट का? तसेही नाही. आमच्या शेजाऱ्याने बोरिवलीहून वर्षभर उभी असलेली गाडी घेतली. फिल्टर, प्लग बदलूनही इंजिन अडखळेच. मेस्त्रीने इंजेक्टर काढून यंत्रावर लावले. चार काचनळ्यांत पेट्रोल मोजले, तर एका नळीत निम्मेच पडले. धुतल्यावर चारही सारखे झाले. तिथे दिलेला पैसा वसूल झाला.

सफाईचे प्रकार मुख्यतः तीन. टाकीत ओतायची बाटली: चांगल्या प्रतीची असेल तर थोडाफार मळ हळूहळू उतरतो, पण पुरता बंद पडलेला इंजेक्टर तिने उघडत नाही. दुसरा, चालू इंजिनमधून औषध फिरवणे: यात कितपत साफ झाले ते डोळ्यांना दिसत नाही. तिसरा, इंजेक्टर काढून यंत्रावर मोजून धुणे: महाग, पण आधीचा आणि नंतरचा फरक दिसतो.

पैसे देण्यापूर्वी एवढे विचारा: दोष कोणता, कशावरून ओळखला, आणि काम झाल्यावर फरक कसा दाखवणार? स्कॅनर लावून तपासायला सांगा. आधी फिल्टर आणि प्लग पाहून घ्या. सीएनजीची गाडी असेल तर आठवड्यातून थोडे अंतर पेट्रोलवर चालवा आणि टाकीत जुने पेट्रोल साठवू नका. डिझेलच्या ट्रॅक्टरचा पाणी वेगळे करणारा फिल्टर वेळच्या वेळी रिकामा करा; त्यातले पाणी इंजेक्टरपर्यंत गेले तर खर्च फार मोठा येतो.

वाचलेल्या तीन हजारांचे भाच्याने काय केले? दोन वर्षे गुळगुळीत झालेल्या पुढच्या दोन टायरांपैकी एक बदलला. दुसरा पुढच्या पगाराला. बहीण म्हणाली, "दादा, हे आधी सुचायला हवे होते!"

माती तपासल्याशिवाय खत नको आणि गाडी तपासल्याशिवाय सफाई नको. बाकी पुढच्या अंकी.