आजारपणाचाही ताळेबंद हवा

पुणे–लोणावळा लोहमार्गावर घोरावाडीसारख्या स्थानकांच्या आधाराने मावळात वस्ती वाढली. तिच्या आरोग्याची राखण मात्र कोणी करावयाची?

१८९७ साली पुण्याच्या प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरे झडतली. अधिकार होता, लोकांचा विश्वास नव्हता. परिणती रँडच्या हत्येत झाली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने उलट मार्ग धरला. पंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका व आशा यांची गावोगावी समिती नेमली. विश्वासाची सोय झाली. थैली मात्र वर्षाकाठी १०,००० रुपयांपर्यंतच्या अबंधित निधीची!

ही कृपणता हिशेबाच्या पद्धतीतून येते. विहिरीत टीसीएल टाकणे, गटार वाहते ठेवणे, हा खर्च सरकारी वहीत दिसतो. तो न केल्यामुळे बुडालेला रोज आणि औषधापायी काढलेले कर्ज कोणत्याच वहीत चढत नाही. साहजिकच काटकसरीची कुऱ्हाड दिसणाऱ्या खर्चावरच पडते.

तेव्हा समितीने प्रतिवर्षी ग्रामसभेपुढे आजारपणाचाही ताळेबंद मांडावा : किती घरांत जुलाब, हिवताप झाला, किती रोज बुडाले, किती पैसा गेला. न मांडलेला तोटा गरिबाच्याच खात्यावर पडतो. तो एकदा कागदावर आला, की अधिक निधीची मागणी ही याचना राहणार नाही. ती हिशेबाची गोष्ट होईल.