विश्वास कोणाचा मोजायचा?

मंदी आली की अर्थखात्यात आणि बँकांत एकच शब्द घुमू लागतो : निर्यातदारांचा ‘विश्वास’. तो ढळला आहे, तो सावरला पाहिजे. रिझर्व्ह बँक दर तिमाहीस कारखानदारांना मागणी, खर्च, नफा यांविषयी प्रश्न विचारून त्यांच्या मनाचा कल अजमावते. त्या प्रश्नावलीत कामगारसंख्येचाही प्रश्न असतो. मात्र तो विचारला जातो मालकालाच.

या मोजणीला आमचा विरोध नाही. गुंतवणुकीचे निर्णय केवळ गणिताने होत नाहीत, मनाच्या उभारीवरही होतात, हे केन्सने 1936 मध्ये सांगितले व ते खरे आहे. पण त्याच केन्सने मागणीला अग्रस्थान दिले होते, याचा सोयीस्कर विसर पडतो.

2008 चा अनुभव पाहावा. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी पेढी बुडाली आणि ऑक्टोबरपासून भारताची निर्यात सलग वर्षभर घटत राहिली. सुरतेत दिवाळीच्या सुटीसाठी बंद झालेले हिऱ्यांचे अनेक कारखाने सुटी सरली तरी उघडलेच नाहीत. घंटीभोवती बसून नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराचे नाव हजेरीपटावर असेलच असे नाही. भविष्यनिर्वाह निधी तर दूरच. तो सौराष्ट्रातील आपल्या गावी परतला. मुंबईच्या ऑपेरा हाउसमधील पेढ्यांनाही झळ लागली, हे मान्य. परंतु त्यांच्या गाठीशी भांडवल होते. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत निवडक आठ उद्योगांतील सुमारे 5 लाख रोजगार गेल्याचा अंदाज खुद्द केंद्राच्या श्रम ब्यूरोने दिला.

सरकारने काय केले? 7 डिसेंबर 2008 रोजी कापड, चर्म, जवाहीर आदी श्रमप्रधान निर्यातीच्या कर्जावर 2 टक्के व्याजसवलत जाहीर केली. समर्थन श्रमिकांच्या नावाने झाले. त्यांना कामावर ठेवण्याची अट मात्र सवलतीत नव्हती. शिवाय न्यूयॉर्कचे गिऱ्हाईक खरेदीच करीत नसता स्वस्त कर्ज काढून माल घडवायचा कोणासाठी? पुढे मागणी परतली, तेव्हा सुरतेचे मालक कारागीर मिळत नसल्याची तक्रार करू लागले!

निर्यातीवर जगणाऱ्या जर्मनीतही 2009 साली निर्यात सुमारे 18 टक्क्यांनी घसरली. म्युनिकची ईफो संस्था उद्योजकांच्या विश्वासाचा जो निर्देशांक काढते, तोही रसातळाला गेला. तरीही बेकारी किंचितच वाढली. तेथे कामाचे तास घटल्यास बुडालेल्या निव्वळ वेतनाचा 60 टक्के भाग, मुले असल्यास 67 टक्के, बेकारी विम्याच्या निधीतून मिळतो. मे 2009 मध्ये सुमारे 14 लाख कामगार या व्यवस्थेखाली होते. मालकांचा विश्वास ढळला, कामगाराची चूल विझली नाही. आणि मागणी येताच कसबी हात कारखान्यातच होते. ही काही क्रांती नव्हे. सरकार मर्केलबाईंचे होते. श्रमखाते मात्र सोशल डेमोक्रॅट पक्षाकडे होते.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लादले. नोव्हेंबरात केंद्राने निर्यातदारांच्या 20,000 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांची हमी घेतली. मजुरीची हमी कोणी घेतली?

निर्यातदाराला मिळणारी प्रत्येक सवलत हजेरीपटाशी बांधावी आणि तास घटल्यास वेतनभरपाई देणारा निधी मालक व सरकार यांनी मिळून उभारावा, अशी आपली मागणी असली पाहिजे. पण ज्याचे नाव पटावरच नाही, त्याला या निधीचा उपयोग नाही. म्हणून आधी नगावर राबणाऱ्यांची नावनिशीवार यादी हवी, आणि ती करण्यासाठी कार्यकर्त्यांनी सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.