चहातून चोरून गोळी? माझं उत्तर ‘नाही’

“डॉक्टर, ह्यांना कळू न देता चहातून देता येईल अशी दारू सोडायची गोळी द्या ना.” हे विचारणारी बायको किंवा आई वर्षानुवर्षं सोसून थकलेली असते. तिच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही अशी चिठ्ठी मी देत नाही.

त्या गोळीचं नाव डायसल्फिराम. दारू शरीरात गेल्यावर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनतं आणि मग शरीर ते मोडून टाकतं. ही गोळी ते मोडूच देत नाही. त्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. आता विचार करा, उत्तनचा माणूस बोटीवर आहे, किनारा काही तास लांब, आणि त्याने एक पेग घेतला. आपल्याला काय होतंय हे त्याला माहीत नाही, सोबतच्यांनाही नाही.

“पण दारुड्याला काय विचारायचं?” का नाही विचारायचं? सकाळी शुद्धीवर असलेला माणूस स्वतःबद्दल निर्णय घेऊ शकतो. तो निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, म्हणून त्याचा अधिकार संपत नाही.

सक्तीचं फळ आपण पाहिलेलं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे सोल्जर घरात घुसून माणसं उचलून नेत. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. विश्वास असा मिळवावा लागतो. चहातल्या गोळीचा पत्ता लागला, की नवरा पुढे घरचं जेवण आणि डॉक्टरची गोळी, दोन्ही संशयाने बघतो.

मग सक्ती कधीच नाही का? आहे, पण उघड आणि कायद्याने. भ्रम झालाय, फिट येतेय, शुद्ध हरपलीय, तर संमतीची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी निगडित आजारही येतात. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून त्याला इच्छेविरुद्ध दाखल करता येतं. सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस, आणि त्याविरुद्ध दाद मागायचा हक्क त्याला असतो. चहाच्या कपात यातलं काहीच नसतं.

तो येत नसेल तर तुम्ही एकट्या या. टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं. मार होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता बघा. आणि रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, त्यानेही फिट येऊ शकते. तो तयार झाला, की हीच गोळी तपासण्या करून, त्याला सगळं सांगून, त्याच्याच हातात देईन.