मेलुहा आपल्या जिल्ह्यात

यंदाच्या अंकासाठी वाचकांकडून पत्रं मागवली, तेव्हा विषय एकच दिला होता: अमीश त्रिपाठी यांची ‘मेलुहाचे मृत्युंजय’. मूळ इंग्रजी कादंबरी 2010 ची आणि मराठी अनुवादालाही बरीच वर्षं झाली. तरी पत्रं आली ती कालच पुस्तक मिटल्यासारखी, तावातावाने लिहिलेली. संगमनेरच्या एका निवृत्त शिक्षिका लिहितात, की देवाचा माणूस करताना देवपण तर गेलंच, पण माणूसही नीट उभा राहिला नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा एक मुलगा लिहितो, की शाळा सुटल्यावर आपण होऊन शेवटपर्यंत वाचलेलं हे त्याचं पहिलं जाड पुस्तक. कुणाला चिलीम ओढणारा महादेव सहन झालेला नाही, तर कुणाला त्याच महादेवाने पहिल्यांदा देवळाबाहेर गाठलं आहे.

कादंबरीतला शिव हा मानससरोवराकाठच्या एका टोळीचा नायक. मेलुहात आल्यावर त्याला सोमरस पाजला जातो, त्याचा गळा निळा पडतो आणि लोक त्याला नीळकंठ मानू लागतात. हे वाचून ‘आमच्या दैवताची विटंबना झाली’ असं लिहिणाऱ्यांचं दुखणं मी खोटं मानत नाही. पण आपल्याच घरातल्या ‘शिवलीलामृता’कडे त्यांनी पुन्हा एकदा वळावं. श्रीधरांनी 1718 साली रचलेल्या त्या पोथीत शंकर-पार्वती सारीपाट खेळतात, महादेव सगळं हरून रुसून निघून जातो आणि पार्वती भिल्लीण होऊन त्याला शोधत जाते. श्रावणात घरोघर ही पोथी लावली जाते. देवाला माणसाचे राग-लोभ देणं ही आपल्याकडे भक्तीचीच रीत आहे. तेव्हा शिव माणूस झाला, हा आक्षेप टिकत नाही. तो किती खोल माणूस झाला, हा प्रश्न मात्र टिकतो, आणि तिथे मी शिक्षिकाबाईंच्या बाजूचा आहे. अमीशांची पात्रं बोलतात ती पुष्कळदा गोष्ट पुढे ढकलायला. त्यांच्या मनात उतरायला वाचकाला जागा मिळत नाही.

हे मी म्हणतो, कारण आपल्या जिल्ह्यात मोजायला दुसरं माप आहे. कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचं मंदिर आहे आणि जवळच कचेश्वर. संजीवनी विद्या शिकायला कच इथेच आला, देवयानी त्याच्यात गुंतली ती इथेच, असं परिसरातली माणसं सांगतात. शुक्राचार्यांच्या दारात लग्नाला मुहूर्त बघावा लागत नाही, असंही मानतात. महाभारतातला कच देवयानीचा शाप घेऊन, तिला उलट शाप देऊन निघून जातो. वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’मध्ये त्याला परत आणलं आणि उपभोगात बुडालेल्या राजासमोर उभं केलं. 1959 च्या या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने बोलतात. मूळ कथा अशी बदलणं लेखकाला शोभतं का, हा वाद तेव्हापासूनचा आहे. पण खांडेकरांनी केलेला बदल माणसाच्या आत उतरला. वाचकाला आपल्या हावेकडे बघावं लागलं. पुराणकथेत ढवळाढवळ करणाऱ्या प्रत्येक लेखकाला मी हाच प्रश्न विचारीन: बदललंस, त्यातून काय दिसलं?

दुसऱ्या टोकाची पत्रं मला अधिक अस्वस्थ करतात. ‘आता कळलं, खरा इतिहास हाच होता’ असं काही तरुणांनी अगदी मनापासून लिहिलं आहे. त्यांना मी श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी, दायमाबादला जायला सांगेन. मेसोपोटेमियाच्या मृत्तिकापट्टांत ज्या मेलुहाच्या जहाजांचा उल्लेख येतो, तो प्रदेश म्हणजे सिंधू संस्कृतीचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्याच्या खुणा दक्षिणेत इतक्या लांबवर, आपल्या दायमाबादला मिळाल्या. हडप्पा लिपीची अक्षरं असलेल्या मुद्रा इथे निघाल्या. 1974 मध्ये झाडाची मुळं खणताना एका गावकऱ्याला काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यावर उभा सारथी, हत्ती, गेंडा, रेडा. चारही मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या. त्यांच्या काळाबद्दल जाणत्यांत एकमत नाही. म. के. ढवळीकर त्यांना हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातल्या मानत. डी. पी. अगरवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून शंका घेतली, कारण त्या काळातल्या आसपासच्या तांब्याच्या वस्तूंत तसं मिश्रण आढळत नाही. या वादात दोन्ही बाजूंना पुरावा समोर ठेवावा लागतो आणि नवा पुरावा आला तर मत बदलावं लागतं. कादंबरी इ.स.पू. 1900 ची तारीख घालून सुरू होते, पण तेवढ्याने ती या पंक्तीत बसत नाही. तिने बसावं अशी अपेक्षाही नको. कल्पित म्हणूनच तिचं मोल करावं.

आणि तसं मोल करायला गेलं, तर ही कादंबरी ज्या त्रयीचा पहिला भाग आहे, त्या त्रयीत मला एक कल्पना फार मोलाची वाटते. नेवाशाच्या पत्रलेखकांपैकी एकालाही ती दिसली नाही याचं नवल वाटलं. नेवासं हे मोहिनीराजाचं गाव. विष्णूने मोहिनी होऊन अमृत वाटलं ते इथे, चोरून पंगतीत बसलेल्या राहूचं शिर उडालं ते राहुरीला आणि काया पडली ती कायगावला, ही कथा त्या गावांत लहान पोरालाही ठाऊक असते. अमृत कुणाच्या ओंजळीत पडलं आणि कुणाचं डोकं त्यापायी उडालं, याचीच ती गोष्ट आहे.

अमीशांचा सोमरस हे असंच अमृत. मेलुहाचे लोक त्याच्या बळावर दीर्घायुषी आणि निरोगी झाले. पण तो करायला सरस्वतीचं पाणी अफाट लागतं आणि नदी आटत जाते. त्याचा विषारी गाळ दूरच्या नदीत सोडला जातो आणि तिच्याकाठचे ब्रंग लोक साथीने मरतात. सर्वांत मोठं कल्याणच काळाच्या ओघात सर्वांत मोठं अनिष्ट होतं, असं कादंबरी सांगते. हे वाचताना मला ऊस आठवल्यावाचून राहिला नाही. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे फिरले, 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला त्या उसाने माणसात आणलं. शाळा, दवाखाने, महाविद्यालयं त्यातून झाली. ते कल्याण खरं होतं, आजही आहे. त्याच कालव्यांखाली जमिनी क्षारपड झाल्या, हेही खरं. पाथर्डीकडची माणसं दर हंगामात कोयता घेऊन, पोरांना घेऊन ऊसतोडीला जातात. पाऊस कमी झाला की जायकवाडीला पाणी सोडण्यावरून वरचे आणि खालचे एकमेकांसमोर उभे ठाकतात. 2005 च्या कायद्याने समन्यायी वाटप सांगितलं तरी कटुता संपलेली नाही. ज्याच्या ओंजळीत अमृत आणि ज्याच्या वाट्याला गाळ, ती माणसं वेगवेगळी असतात. अमीशांना हे दिसलं, आणि भाषेच्या उणिवा मान्य करूनही मी त्यासाठी त्यांचा ऋणी आहे.

माझं त्यांच्याशी भांडण आहे ते त्रयीच्या शेवटावर. पत्नी सतीच्या मृत्यूनंतर शिव पाशुपतास्त्र सोडतो, मेलुहाची राजधानी देवगिरी भस्मसात होते आणि सोमरसाचा प्रश्न मिटतो. इतका अवघड प्रश्न उभा करून लेखकाने इथे तो अस्त्रावर सोपवला. मेलुहातही शेतकरी असतील, सोमरसावर ज्यांचं घर चालतं असे मजूर असतील. त्यांनी पुढे काय पेरलं, काय खाल्लं, हे कुणी विचारतच नाही. आमच्याकडे उसाचं एकरभर क्षेत्र कमी करायचं तरी पर्यायी पिकाला भाव लागतो, ठिबकाला पैसा लागतो, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पाण्याच्या पाळीवरून तास न् तास बोलावं लागतं. ती बैठक लिहू शकणारी पौराणिक कादंबरी मला वाचायची आहे.

राहुरीच्या त्या विद्यार्थ्याला शिवाचा निर्णय पूर्ण पटला आहे. एवढं नासलेलं काही तुकड्यातुकड्याने बदलत नाही, असं तो म्हणतो, आणि त्याने बाजू नीट मांडली आहे. त्याचं पत्र पुढच्याच पानापासून सुरू होतं, एक शब्दही न कापता.